अणुबॉम्बला नकार देणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव चळवळीच्या वाचकाला नवे नाही. आपल्या अभ्यासवर्गांत प्राचीन भारताचा विषय निघाला की त्यांच्या ग्रंथांचा दाखला हमखास दिला जातो. राजांच्या वंशावळी म्हणजे इतिहास नव्हे. जमीन कसणाऱ्या, गुरे राखणाऱ्या, राबणाऱ्या माणसाच्या जगण्यातून इतिहास वाचायचा असतो, ही दृष्टी त्यांनी दिली. परंतु कोसंबी पेशाने इतिहासकार नव्हते. ते गणिती होते. आणि ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंगणात भारताचा अणुकार्यक्रम वाढला, त्याच संस्थेत १९४५ ते १९६२ पर्यंत काम करत असताना त्यांनी अणुबॉम्बला आणि अणुशक्तीच्या वेडाला उघड विरोध केला. त्यांच्या आयुष्याची ही बाजू आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच सांगितली जाते.

ती आज सांगण्याचे कारण आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या हक्कांच्या बळावर आपल्या वस्त्यांतील मुलेमुली इंजिनिअर होत आहेत, शास्त्रज्ञ होत आहेत. आम्ही नवी मुंबईत राहतो. खाडीच्या पलीकडे ट्रॉम्बेचे अणुसंशोधन केंद्र आहे आणि अलीकडे ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा. या दोन्ही ठिकाणी आपली माणसे कामाला आहेत. शिकलेल्या माणसाने पगार देणाऱ्या संस्थेला प्रश्न विचारावा की मान खाली घालून निवृत्तीची वाट पाहावी, हा प्रश्न आता परक्याच्या घरातला राहिलेला नाही. कोसंबींनी तो आपल्यापुरता सोडवला होता. कसा सोडवला आणि त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात कोसबे येथे झाला. जन्माने सारस्वत ब्राह्मण. परंतु त्यांच्या घरात ब्राह्मण्याची भिंत एका माणसाने आधीच पाडली होती. वडील धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात १८९९ साली घर सोडून निघाले, श्रीलंकेत पोहोचले आणि तेथे पाली शिकून भिक्खू झाले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली, हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध ग्रंथांच्या संपादनाचे काम केले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. मुंबईच्या गिरणगावात परळ भागात त्यांनी कष्टकऱ्यांसाठी १९३७ साली बहुजन विहार सुरू केला. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

धर्मानंदांची एक मांडणी आपल्यासाठी फार मोलाची आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसले म्हणून सिद्धार्थाने घर सोडले, ही चार दृश्यांची कथा त्यांनी ऐतिहासिक मानली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याचा संघर्ष आणि हाती शस्त्र धरण्याचा तिटकारा यांच्याशी त्यांनी गृहत्यागाचा संबंध जोडला. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही चार दृश्यांची कथा नाकारलेली आहे आणि रोहिणीच्या पाण्यावरून युद्ध पुकारणाऱ्या शाक्य संघासमोर एकटा उभा राहून विरोध करणारा सिद्धार्थ आपल्याला भेटतो. संघाचे बहुमत युद्धाच्या बाजूने, तरीही हा सदस्य सैन्यात जाण्यास नकार देतो आणि शिक्षा पत्करतो. युद्धाला नकार ही आपल्या धम्माच्या कथेची सुरुवात आहे. ज्या घरात ही मांडणी झाली, त्याच घरात दामोदर वाढला.

१९१८ साली धर्मानंद पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर घेऊन गेले. तेथील शाळेत शिकून तो हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. नोर्बर्ट वीनर यांच्यासारख्या थोर गणितज्ञाशी त्याची मैत्री जमली. मनात आणले असते तर सुखाचे आयुष्य तिकडेच मिळाले असते. तो परतला. बनारस हिंदू विद्यापीठात दोन वर्षे, मग आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाच्या बोलावण्यावरून अलिगढ मुस्लिम विद्यापीठात आणि १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये त्यांनी गणित शिकवले.

या काळातील त्यांच्या कामाची व्याप्ती पाहिली तर थक्क व्हायला होते. १९३४ साली मद्रास विद्यापीठाचा रामानुजन पुरस्कार मिळाला. संख्याशास्त्र हाताशी घेऊन त्यांनी हजारो प्राचीन नाणी सूक्ष्म तराजूवर तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि हलके होते. या झिजेच्या हिशेबातून त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांचा क्रम लावला. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रात मांडलेले सूत्र गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी आजही जगभर वापरले जाते आणि ते कोसंबींच्याच नावाने ओळखले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ साली सिद्ध केली. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत त्यांनी अश्मयुगीन हत्यारे गोळा केली, धनगरांच्या वाटा शोधल्या, कार्ल्याच्या लेण्यांतील दानलेखांचा अभ्यास केला. ज्ञान हे पोथीत नसून लोकांत आणि जमिनीवर असते, हे त्यांनी करून दाखवले.

१९४५ साली होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि कोसंबींना गणिताच्या विभागासाठी बोलावले. मुंबईत संस्था प्रथम पेडर रोडवरील एका बंगल्यात, मग गेटवेजवळील जुन्या यॉट क्लबमध्ये होती. कोसंबी पुण्यात राहत आणि डेक्कन क्वीनने ये-जा करत. दोघेही बुद्धिमान, दोघेही परदेशात शिकलेले. सुरुवातीची वर्षे सलोख्याची गेली. युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर कोसंबी १९४८-४९ मध्ये इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास करून आले. शिकागो विद्यापीठात त्यांनी काही काळ शिकवलेही.

दरम्यान जग बदलले होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. ज्या भौतिकशास्त्राकडे लोक कौतुकाने पाहत होते त्याने दोन शहरांची राख केली. १९४९ साली सोव्हिएत रशियानेही बॉम्ब बनवला. तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांत दोन तट पडले. एक गट म्हणाला, आमचे काम शोध लावण्याचे, वापर कसा करायचा ते सरकार ठरवील. दुसरा गट म्हणाला, हाताने केलेल्या कामाची जबाबदारी हात झटकून संपत नाही. फ्रान्सचे नोबेल विजेते फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी हे दुसऱ्या गटाचे अग्रणी होते. मार्च १९५० मध्ये स्टॉकहोम येथून अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदीची मागणी करणारे आवाहन निघाले. जे सरकार हे शस्त्र प्रथम वापरील त्याला युद्धगुन्हेगार मानावे, असेही त्यात म्हटले होते. पुढच्याच महिन्यात फ्रेंच सरकारने जोलिओ-क्यूरींना अणुशक्ती आयोगाच्या प्रमुखपदावरून दूर केले. त्याच वर्षी जागतिक शांतता परिषद स्थापन झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

कोसंबी या परिषदेचे सदस्य झाले. शांततेच्या कामासाठी ते बीजिंग, हेलसिंकी, मॉस्को येथे गेले. साम्राज्यशाही आणि शांतता यांच्या संबंधावर, विज्ञान आणि स्वातंत्र्य यांच्या नात्यावर त्यांनी लेख लिहिले. युद्ध हे माणसाच्या स्वभावातून येत नाही, नफ्याच्या व्यवस्थेतून येते. शस्त्रांचा कारखाना चालू राहावा म्हणून शत्रू शोधला जातो, असे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. शास्त्रज्ञाचा पैसा कोठून येतो आणि त्याने कोणता प्रश्न सोडवावा हे कोण ठरवते, हे विचारल्याशिवाय वैज्ञानिक स्वातंत्र्याच्या गप्पा पोकळ आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जागतिक शांतता परिषद सोव्हिएत बाजूकडे झुकलेली होती. अमेरिकेच्या बॉम्बवर ती जेवढी तुटून पडे तेवढी रशियाच्या बॉम्बवर नाही. १९५६ साली हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा ही परिषद एकमुखाने निषेध करू शकली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली आणि हिंसा व हुकूमशाही या साधनांवरच बोट ठेवले. साध्य कितीही चांगले असो, साधन रक्ताने माखलेले असेल तर ते टिकत नाही, हा आपला धडा आहे. कोसंबी मार्क्सवादी होते आणि जातीकडे ते मुख्यतः उत्पादनाच्या अंगाने पाहत. आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या आंबेडकरी चळवळीशी त्यांचे जिवंत नाते जुळले नाही. हा मतभेद झाकण्याचे कारण नाही. माणसाचे मोठेपण मान्य करण्यासाठी त्याची प्रत्येक गोष्ट मान्य करावी लागत नाही.

परंतु भारताच्या संदर्भात कोसंबींनी जे मांडले ते कोणत्याही गटाचे तुणतुणे नव्हते. १९४८ साली अणुशक्ती कायदा झाला, आयोग नेमला गेला. १९५४ साली स्वतंत्र अणुशक्ती खाते निर्माण झाले आणि ते थेट पंतप्रधानांच्या हाती राहिले. ऑगस्ट १९५६ मध्ये ट्रॉम्बे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. १० जुलै १९६० रोजी कॅनडाच्या मदतीने बांधलेली सायरस ही दुसरी मोठी भट्टी कार्यान्वित झाली. सगळीकडे जयजयकार चालू होता. त्याच जुलै महिन्यात कोसंबींनी पुण्याच्या रोटरी क्लबसमोर भारतातील अणुशक्ती या विषयावर भाषण दिले आणि त्या जयजयकारात हिशेबाची वही उघडली.

अणुवीज स्वस्त पडते असे जे सांगितले जाते त्यात लष्कराने उचललेला खर्च धरलेला नसतो, हा त्यांचा पहिला मुद्दा. मुद्दा खरा होता. १९५६ साली ब्रिटनने कॅल्डर हॉल येथे मोठा गाजावाजा करून अणुवीज केंद्र उघडले, पण त्याचे प्रमुख काम बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणे हे होते. वीज हे जोड उत्पादन. दुसरा मुद्दा, हजारो वर्षे घातक राहणाऱ्या किरणोत्सर्गी कचऱ्याचे काय करणार? तिसरा मुद्दा भारताच्या गरिबीचा. ज्या देशात वर्षातले बहुतेक महिने ऊन फुकट पडते त्याने सूर्याची शक्ती सोडून परदेशी यंत्रसामग्रीच्या आणि प्रचंड भांडवलाच्या मागे का धावावे? सूर्य प्रत्येक गावावर सारखाच तळपतो. त्याची ऊर्जा जेथे हवी तेथेच पकडता येते. तिला मैलोन्‌मैल तारा लागत नाहीत आणि ती कोणा एकाच्या मुठीत राहत नाही. सौरऊर्जेचा हा आग्रह त्यांनी १९५० च्या दशकापासून अखेरपर्यंत धरला.

हे त्या काळी अनेकांना वेडगळ वाटले. आज काय दिसते? २०२५ च्या सुरुवातीला भारताची सौर वीजनिर्मितीची क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. अणुविजेची क्षमता साठ वर्षांच्या खर्चानंतरही तेव्हा ९ गिगावॅटच्या आत होती. अर्थात आजची सौरऊर्जा कोसंबींच्या कल्पनेप्रमाणे गावाच्या हाती आलेली नाही. शेकडो एकरांचे प्रकल्प बड्या कंपन्यांच्या हाती आहेत. सूर्य आला, पण समता आली नाही. ही लढाई आपल्याला वेगळी लढावी लागेल.

अणुखात्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत बसून अणुकार्यक्रमावर अशी टीका करणारा माणूस किती दिवस चालवून घेतला जाणार? भाभांशी संबंध बिघडत गेले. कोसंबींचा स्वभाव तापट, जीभ तिखट. पुण्याहून ये-जा करण्यावरूनही कुरबुरी झाल्या. त्यातच १९५९ साली त्यांनी रीमान यांच्या जगप्रसिद्ध गणिती कूटप्रश्नाची सिद्धता दिल्याचा दावा एका शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात केला. ती सिद्धता टिकली नाही आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. कुलाब्याला समुद्रकिनारी संस्थेची भव्य इमारत त्याच वर्षी उभी राहिली आणि तिच्या उभारणीच्या काळातला हा गणिती बाहेर पडला.

ते खचले नाहीत. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हा ग्रंथ १९६२ सालीच आला. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९६४ साली त्यांना मानद शास्त्रज्ञाचे पद दिले. परंतु शांततावाद्यांसाठी दिवस वाईट होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर चीनला जाऊन आलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले जात होते आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने बॉम्ब फोडल्यावर आपणही फोडावा अशी ओरड देशात सुरू झाली होती. २९ जून १९६६ च्या पहाटे पुण्यात झोपेतच कोसंबींचे निधन झाले. वय अवघे ५८. पाच महिन्यांपूर्वी, जानेवारीत, भाभा विमान अपघातात गेले होते. आज एकाच्या नावाने ट्रॉम्बेचे केंद्र आहे. दुसऱ्याच्या वाट्याला २००८ साली एक टपाल तिकीट आले.

कोसंबींची भीती खोटी ठरली नाही. शांततामय वापराच्या अटीवर मिळालेल्या सायरस भट्टीतील प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटात वापरले गेले. आणि त्या स्फोटाशी कोणाचे नाव जोडले? बुद्ध हसला, हा संकेत त्याला चिकटवला गेला. ११ मे १९९८ रोजी पुन्हा स्फोट झाले, त्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. ज्याने रोहिणीच्या काठी शस्त्र उचलायला नकार दिला त्याच्या हसण्याशी संहाराच्या शस्त्राचा संबंध जोडण्याची ही कोणती संस्कृती? आपल्या विहारांतून याचा जेवढा निषेध व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

आणि या कार्यक्रमाचा भार कोणी उचलला? युरेनियम निघाले झारखंडमधील जादुगोडा येथे, आदिवासींच्या जमिनीखालून. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. २०११ साली जैतापूर प्रकल्पाच्या विरोधात उतरलेल्या साखरी नाटे येथील मच्छीमारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एकाचा बळी गेला. लाभ कोणाला आणि झळ कोणाला, हा कोसंबींचा प्रश्न प्रत्येक ठिकाणी तसाच उभा आहे. १० ऑक्टोबर १९५१ रोजी मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी असाच हिशेब मांडला होता. ३५० कोटींच्या महसुलातील सुमारे १८० कोटी रुपये लष्करावर जातात, मग उपाशी जनतेसाठी काय उरते, हा त्यामागचा सवाल होता.

कायद्याचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट सांगतो. १९६२ च्या अणुशक्ती कायद्याच्या कलम १८ ने अणुप्रकल्पांची माहिती उघड करण्यावर बंधने घातली. १९८३ साली सुरक्षेवर देखरेख करण्यासाठी नियामक मंडळ नेमले, तेही ज्या आयोगाचे प्रकल्प तपासायचे त्याच आयोगाला उत्तरदायी. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हा नैसर्गिक न्यायाचा पहिला धडा येथे विसरला गेला. दुसरीकडे संविधानाचे कलम ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय शांततेसाठी झटण्यास सांगते आणि कलम ५१क प्रत्येक नागरिकावर वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासण्याचे कर्तव्य टाकते. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे शास्त्रज्ञाच्या शब्दापुढे मान तुकवणे नव्हे, शास्त्रज्ञालाही पुरावा मागणे. जुलै १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे मानवतावादी कायद्याच्या विरोधात जातो असे मत दिले, मात्र राष्ट्राच्या अस्तित्वाचाच प्रश्न असेल तेव्हाचा निर्णय त्याने मोकळा ठेवला. अण्वस्त्रबंदीचा करार जानेवारी २०२१ पासून अमलात आला. भारत त्यात सहभागी झालेला नाही.

काही कार्यकर्ते विचारतील, पोटाचे प्रश्न उभे असताना बॉम्बचा विचार आपण कशाला करायचा? उत्तर सोपे आहे. शिष्यवृत्तीचा निधी आटतो, सफाई कामगार गटारात गुदमरून मरतो आणि त्याच देशात शस्त्रांसाठी पैसा कमी पडत नाही. हा एकाच खजिन्याचा प्रश्न आहे. आणि आपल्यातील जे इंजिनिअर, तंत्रज्ञ, शास्त्रज्ञ झाले आहेत त्यांच्यावर जास्त जबाबदारी आहे, कारण आत काय चालते हे त्यांनाच कळते. सर्वांनी नोकरी सोडावी असे कोणी म्हणत नाही. कोसंबींनीही सोडली नव्हती. ते आत राहून हिशेब मागत राहिले. आपल्या कारखान्यातील सांडपाणी कोणत्या खाडीत जाते, अपघात झाला तर शेजारच्या वस्तीला कोण कळवणार, कंत्राटी कामगाराला सुरक्षेची साधने मिळतात का, एवढे प्रश्न विचारण्यापासून सुरुवात करता येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने राज्याच्या सुरक्षिततेच्या नावाखाली काही दारे बंद ठेवली असली तरी बरीच उघडी आहेत. ती ठोठावण्यासाठी वकील आणि इंजिनिअर यांनी एकत्र बसले पाहिजे. दर ३१ जुलैला आपल्या विहारांतून अशी बैठक झाली, तर बुद्धाच्या नावावर लादलेल्या त्या हसण्याला आपले उत्तर दिल्यासारखे होईल.